एकोणसाठचं पान

४ सप्टेंबर २०२३, सोमवार
नोरीन डर्कन येऊन गेली. गावच्या आयरिश फुटबॉल क्लबची सेक्रेटरी झाल्यापासून तिला बसायला वेळ नसतो. ओट्याशी उभ्यानंच चहा प्यायली. म्हणाली, "मॅलकी, पुढच्या वर्षी क्लबला शंभर वर्षं पुरी. इतिहास तुम्हीच लिहायचा. आठवणारं दुसरं उरलंय कोण?"
उरलं नाही, खरंच. मी पंच्याऐंशीचा. नाही म्हणायला हवं होतं. आनंदानं हो म्हटलं!
दारात वळली. "एकोणसाठ सालचं पान गाळू नका. माझ्या बाबांनी चषक घालवला असं अख्खं क्लूनकारा गाव म्हणतं. खरं असेल तर तसंच लिहा. मला वाचता येतं."
तिला वाचता येतं. मला लिहिता येईल का?

७ सप्टेंबर
१९२४ लिहून झालं. फादरच्या कुरणात पहिला सामना. चेंडू खोगीर शिवणाऱ्यानं शिवलेला — पावसात भिजला की वासराएवढा जड. उत्तरार्धात तो नदीत पडला आणि दोन्ही संघ काठाकाठानं त्याच्यामागे पळाले. निकाल: चेंडू समुद्राला मिळाला. हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. मास्तर असते तर पाठ थोपटली असती. शाळेतल्या कवितांनी माझं डोकं बिघडवलं ते बिघडवलंच. साधी नोंद करायला बसतो आणि लय शोधत राहतो.

१० सप्टेंबर, रविवार
जिंकलो! उपांत्य फेरी पार, आता काउंटीच्या फायनलमध्ये! समोर किलब्रॅक — डोंगरापलीकडचं तेच गाव, एकोणसाठचंच. दुकानदारीण मला मिठी मारून रडली. गेली दहा वर्षं आमचं पटत नाही.

१२ सप्टेंबर
इथे तरी लिहितो. ही वही कुणी वाचत नाही.
एकोणसाठ साली नियम होता: खेळाडूंची यादी आयरिश भाषेत हवी आणि आयरिश गिरणीच्या कागदावर हवी. सेक्रेटरी फेलिम डर्कन, नोरीनचे वडील. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेलेली. म्हणून यादी मला लिहायला सांगितली. मी एकवीसचा, संघात डाव्या कोपऱ्यात खेळणारा. लीड्सच्या मावशीनं पाठवलेला सायीसारखा कागद माझ्याकडे होता. त्यावर मी फक्त कविता उतरवायचो. गावाच्या आयुष्यातली पहिली फायनल, आणि पंधरा नावं काय किराण्याच्या रेघांच्या कागदावर लिहायची? उतरवली सायीवर. एकेक नाव ओळीसारखं. फेलिमनं न बघता सही ठोकली.
आम्ही जिंकलो. एक गोल, सहा गुण — गोलाचे तीन, म्हणजे नऊ. त्यांचे आठ. चषक नऊ दिवस गावात होता. मग किलब्रॅकची हरकत आली. बैठकीत कागद खिडकीपाशी उजेडात धरला, तर आत जलचिन्हात इंग्लंडच्या गिरणीचं नाव! सामना रद्द. चषक त्यांना.
"कागद कुणाचा?" विचारलं. मी उठायच्या आत फेलिम म्हणाला, "माझा." त्याला जन्मभर मैदानबंदी झाली.
सायकलींवरून परतताना मी तोंड उघडलं. "गप्प बस," तो म्हणाला. "तुला अजून दहा वर्षं खेळायचंय. मला नुसतं ओरडायचंय, ते कुंपणाबाहेरूनही जमेल."
आणि खरंच, मरेपर्यंत तो प्रत्येक सामना कुंपणाबाहेरून बघत राहिला. मी आत खेळत होतो.

१९ सप्टेंबर
किलब्रॅकला गेलो, अँब्रोज टुओहीकडे. हरकत त्यानंच लिहिली होती. चौसष्ट वर्षांत आम्ही फक्त कुणाच्या मयतीलाच भेटलो, तेही मान हलवण्यापुरते.
"अजून रडतोयस का रे?" दार उघडतानाच.
"तुझ्या तोंडाकडे बघून रडू आलं."
"आत ये. गुडघे गेले वाटतं? तुझे पायही तसे कधी कामाचे नव्हतेच. फायनलला तीन सोपे फटके बाहेर घालवलेस."
"तरी एकानं जिंकलो."
त्यानं हॅम-ब्रेड पुढे केला. चहा ढवळला. मग म्हणाला, "एक विचारू? फेलिमची पत्रं मी पाहिलीत. ते अक्षर त्याचं नव्हतं. तुझं ना? असल्या सुंदर यादीवर हरकत घेताना मला लाज वाटली होती, मॅलकी. पण मी चोवीसचा होतो. जिंकायचं होतं."
मी ब्रेड चावत राहिलो.

२४ सप्टेंबर, रविवार
चर्चनंतर नोरीनला सांगितलं. आवारात, गाडीपाशी. सगळं.
तिनं किल्ली काढली, परत पर्समध्ये टाकली. "बाबांच्या मयतीत खांदा दिलात तुम्ही."
"हो."
"गावातली पोरं मला शाळेत 'कागद' म्हणून हाक मारायची. ठाऊक होतं?"
ठाऊक होतं.
"मला सांगून काय उपयोग? मी तर कायम त्यांच्याच बाजूची. गावाला सांगा." गाडी सुरू करून काच खाली केली. "आणि फायनलची यादी तुम्हीच करा. भीती वाटू दे. करा."

२८ सप्टेंबर
यादी झाली. आता संगणकावर असते, पण नावं अजूनही आयरिशमध्येच. सगळी जमली, फक्त मॅतेउस फेरेइरा अडला. ब्राझीलचा, मांसाच्या कारखान्यात काम करतो, सात वर्षं इथलाच रहिवासी. त्याला विचारलं, "फेरेइरा म्हणजे काय रे?"
"लोहार, काका. लोखंडवाले."
लोहाराचा मुलगा — मॅकगावन! मातू मॅकगावन! तो दोन तास गावभर आपलं नाव सांगत फिरला. मी मात्र सात वेळा तपासलं. नोंदणीत तेच नाव आहे ना? आहे. आठव्यांदा तपासलं.

१ ऑक्टोबर, रविवार
घाईत लिहितोय, अक्षर माफ!
शेवटचं मिनिट. बरोबरी, बारा-बारा. मातूला चेंडू मिळाला, एकदा टप्पा, एकदा पायावरून हातात — किलब्रॅकचे दोघे अंगावर — आणि त्यानं पडता पडता मारला. चेंडू इतका उंच गेला की मला एक अख्खं कडवं म्हणता आलं असतं. दांडीवरून! पांढरा झेंडा वर, म्हणजे एक गुण! तेरा-बारा!
मागून कुणी किंचाळलं, "लोहाराच्या!" तेव्हापासून सगळे त्याला तेच म्हणतायत.
चौसष्ट वर्षं. मैदानात उतरलो तेव्हा कुणीतरी मला उचललं. कोण ते दिसलंच नाही.

२ ऑक्टोबर
दुपारी हॉलमध्ये चषक टेबलावर. सगळं गाव. नोरीननं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, एकोणसाठचं पान वाचलं. काहीही गाळलं नाही. मावशी, कागद, फेलिमचं "माझा".
संपलं. चहाचा बंब तेवढा उकळत होता.
मागून एक म्हातारा — "मॅलकी हेव्हरिन, मेल्या! चौसष्ट वर्षं मी त्या देवमाणसाला शिव्या दिल्या!"
"मीही ऐकल्या," मी म्हटलं.
मला बाहेर काढतील असं वाटलं. नोरीन पुढे आली, चषक उचलला आणि तो घेऊन हॉलबाहेर चालू लागली. सगळे मागे. मैदानाच्या कुंपणाशी, जिथे फेलिम उभा राहायचा, तिथे तिनं चषक बाहेरच्या बाजूनं कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. आणि गाव ओरडलं! असलं ओरडणं फायनललाही ऐकलं नव्हतं. मातूनं फेलिमला कधी पाहिलंही नाही, तोच सर्वांत मोठ्यानं ओरडत होता.
नोरीन माझ्याशी बोलली नाही. पण घरी सोडलं.

५ ऑक्टोबर
आता हरकतीला तीनच दिवसांची मुदत असते, ती काल संपली. काही आलं नाही. चषक आपला! झोपतो.

९ ऑक्टोबर
हरकत आली.
किलब्रॅकचं पाकीट. नोरीन पांढरीफटक. मला वाटलं — मातूचं नाव! माझीच चूक, पुन्हा! चष्मा सापडेना, तिनंच वाचलं. सही अँब्रोजची, खाली त्यांच्या सगळ्या समितीची. मजकूर असा: १९५९ चा चषक किलब्रॅकच्या नावावर लावला आहे, यास किलब्रॅकचीच हरकत आहे. तो सामना आम्ही एका गुणानं हरलो. काउंटीनं दुरुस्ती करावी. क्लूनकाराचं म्हणणं लेखी कळवावं.
"काय लिहू?" नोरीन.
पेन मी मागून घेतलं. दोनच शब्द लिहिले — हरकत नाही.