घाईबाईच्या डोक्याचं माप

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, पण पूर्ण घातला आहे.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळ्या घेतेस, की डॉक्टरलाच गोळ्यांचे तोटे समजावतेस? इथे सगळं उत्तम आहे. म्हणजे आता उत्तम आहे. गेल्या आठवड्यात जे झालं ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच कळवतो.

आपली नात, घाईबाई, दोन महिने आधी आली हे तुला ठाऊकच आहे. माझ्या दुकानातून आजवर एकही कपडा कबूल केलेल्या तारखेला बाहेर पडलेला नाही, आणि माझ्याच घरात ही बाई तारखेची वाट न बघता हजर! त्यामुळे तिला वयं दोन. जन्मापासून मोजलं तर पाच महिने, यायला हवी होती तेव्हापासून मोजलं तर तीन. डॉक्टरीणबाई दुसरं धरतात. (वय कमी सांगणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, डॉक्टरच्या सल्ल्याने सांगणारी ही पहिलीच.) मेंदू याच महिन्यांत भराभर वाढतो, तेव्हा वजनावर आणि डोक्याच्या घेरावर लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या आणि सूनबाईने हाय खाल्ली. मी म्हटलं, घेरच मोजायचा ना? उभा जन्म गळ्यात टेप घालून काढलेला सासरा घरात असताना काळजी कसली?

मोजला. आकडा असा झकास आला की सूनबाई त्या दिवशी पोटभर जेवली, आणि तुझ्या भाच्याने तो ऑफिसभर केला.

चार दिवसांनी तपासणी होती. नर्सबाईंनी मोजलं, तर डोकं लहान झालेलं! ताई, सुती कापड धुतल्यावर आटतं हे मला माहीत आहे, डोकं आटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी ठणकावून सांगितलं, तुमचा टेप खोटा आहे. नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही कसं मोजलंत ते दाखवा बरं." दाखवलं. रुबाबात टेप गुंडाळला आणि सवयीने आत दोन बोटं सरकवली. (बोटं न घालता कॉलरचं माप घेणाऱ्याने शिंपी म्हणवून घेऊ नये.) मग नर्सबाईंनी विचारलं, "हिच्या डोक्याला बटण लावणार आहात का?"

खरा घेर थोडा कमी आहे, पण वाढीच्या तक्त्यावरची रेघ वर चालली आहे, म्हणून डॉक्टरीणबाई खूश होत्या. सूनबाईने विचारलं, "पुढे बोलेल ना? शाळेत शिकेल ना?" त्या म्हणाल्या, "बहुतेक मुलं छान वाढतात, पण आजच शब्द नाही देता येत. बघत राहू, कुठे अडली तर लगेच मदत करू." बाई खरं बोलल्या, पण सूनबाई तेव्हापासून गप्प आहे. मला फार वाईट वाटतं, ताई. चार दिवसांचा आनंद मीच दिला आणि मीच काढून घेतला. पोर मात्र पुढे नाव काढणार, याबद्दल मला तिळभर शंका नाही. सध्या माझ्या खात्रीला घरात गिऱ्हाईक नाही, एवढंच.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तू सातव्या महिन्यातली, आईने तुला कापसात गुंडाळून वाढवलं, हे तू जन्मभर कुणाला सांगू दिलं नाहीस, भाऊजींनासुद्धा. एवढं सूनबाईला सांगायची परवानगी दे.

आणखी एक ता. क. परवानगी मागितली खरी, पण काल सांगून टाकलं. तिने विचारलं, "आत्या बोलायला कधी लागल्या?" म्हटलं, मी नंतर जन्मलो, त्यामुळे सुरुवात मला माहीत नाही, पण मी आल्यापासून ती थांबलेली नाही. तपासणीनंतर पहिल्यांदाच हसली गं पोर. मग हळूच म्हणाली, "त्या येतील का?" तेव्हा माझ्यावर रागवायचंच असेल तर पत्रातून रागवू नकोस. इथे ये, आणि तिच्या देखत मला तासभर फैलावर घे. मी मान खाली घालून बसेन. तिला तुझ्याकडे डोळे भरून बघू दे.