खेळायचं पण, बोलायचं पण

३ डिसेंबर, बुधवार

मोबाईल तापला आणि मेला. ऐन शेवटच्या ओव्हरमध्ये! गेममध्ये पुणतांब्याच्या टीमला चार बॉलमध्ये नऊ हवे होते. मी खेळतही होतो, बोलतही होतो, आणि एकदम स्क्रीन काळी. बघणारे सगळे लटकले. संस्कृती आतून ओरडली, "बाबा, तुमचं लाईव्ह गेलं!" जसं काही मला कळलंच नव्हतं.

एकच यंत्र. त्यावरच गेम खेळायचा, त्यानेच तो लोकांना दाखवायचा, त्यानेच माझं समालोचन पोचवायचं. माणसालाही झेपत नाही एवढं काम. कॉम्प्युटर घ्यावा लागणार. आता टाळून चालायचं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर राहुरीकडे, टेनिस बॉलची टुर्नामेंट. ट्रॉलीवर खुर्ची, वर नुसत्या पताका. सकाळपासून ऊन कलेपर्यंत बोललो. एका बाजूला डीजे, दुसऱ्या बाजूला आमचेच भोंगे. त्याच्यावर चढून बोलायचं म्हणजे बोलणं नव्हेच ते, ओरडणं. घसा बसला. तो बसतोच. येताना गाडीवर धूळ खाल्ली. घरी आल्यावर दिपालीने गरम पाणी पुढे केलं. म्हणाली, "बाहेर जगाला ऐकवता, घरात एक शब्द नाही." घरी येईपर्यंत शब्द शिल्लक राहतात कुठे?

थकलोय मी. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे सारखं सारखं वाटायला नको. 'आवाजाचा बादशहा श्रीमंत' असं पोस्टरवर छापतात. बादशहा घरी येऊन पाय चेपत बसतो.

म्हणून तर गेमचं हे खूळ. त्यात मी आपल्याच गावांच्या टीम घातल्यात. नावंही आपल्याच पोरांची. गोरक्षनाथ खऱ्या मैदानात पहिल्याच बॉलला आडवा मारून परत येतो. गेममध्ये मी त्याला जरा टिकवतो. पोरं त्यासाठीच बघतात, आणि शिव्याही त्यासाठीच देतात. घरात, पंख्याखाली बसून असं पोट भरता आलं तर? एवढंच मागणं आहे माझं. मैदान सोडायचंय.

८ डिसेंबर, सोमवार

दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, दोन कॉम्प्युटर घ्या — एकावर खेळा, दुसऱ्यावरून पाठवा. दोन टेबलं, दोन खुर्च्या, आणि बसणारा मी एकटा! दुसऱ्याने नुसते दिवे दाखवले. पंख्यात दिवे, कीबोर्डात दिवे, उंदराच्या पोटातसुद्धा दिवा. म्हटलं, मला गेम खेळायचाय, गणपती बसवायचा नाही. त्याला हसू आलं नाही.

यूट्यूबवर बघत बसलो. एकजण सांगतो प्रोसेसर भारी घ्या, दुसरा म्हणतो प्रोसेसरला कोण विचारतं, ग्राफिक कार्ड घ्या. ऐकावे जनाचे हे ठीक आहे, पण मन माझं मला काहीच सांगत नाहीये. डोकं उठलं.

१० डिसेंबर, बुधवार

आमच्या सावेडीतल्याच वाल्मिककडे गेलो. छोटं दुकान, काउंटरवर उघडी मशीनं. "दादा, तुमी भोंग्यावाले श्रीमंत ना? आमच्या गावच्या फायनलला तुमीच हुता!" मग चहा आला. ओळखीचा एवढा तरी उपयोग.

त्याने नीट समजावलं. आताच्या ग्राफिक कार्डात व्हिडिओ तयार करून पाठवणारा भाग वेगळा असतो म्हणे. गेम एकीकडे चालतो, प्रक्षेपण दुसरीकडे. "एकमेकांच्या अंगावर येत न्हाईत, दादा. म्हनून एकच मशीन बास. फक्त कार्ड बरं घ्या." प्रोसेसर मधला चालेल, पण फार हलका नको, कारण मी एकाच वेळी गेम, प्रक्षेपण आणि लोकांचे मेसेज असं सगळं उघडून बसणार.

घरी येऊन दिपालीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे एकच शेगडी, दोन बर्नर." मी अर्धा तास ऐकून आलो ते हिने एका वाक्यात संपवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

रॅम सोळा की बत्तीस? सगळे म्हणतात महाग झालीय, थोडं थांबा. थांबल्यावर स्वस्त झालेली एक तरी वस्तू दाखवा मला!

१६ डिसेंबर, मंगळवार

ठरलं एकदाचं. रॅम बत्तीस. कार्ड वाल्मिक म्हणतो ते. पेटी साधी, पुढून जाळीची, दिवे नाहीत. लाईटचा भरवसा नाही म्हणून यूपीएस. मेसेज वाचायला मेव्हण्याकडचा जुना मॉनिटर. नेटवाल्यालाही बोलावलं. इतके दिवस मी डाउनलोडच बघत होतो. बघणाऱ्याला डाउनलोड लागतो, दाखवणाऱ्याला अपलोड — हे त्याने सांगितलं तेव्हा कळलं.

काटकसर फक्त माइकमध्ये केली. वाल्मिकने चांगला दाखवला होता, मी साधा उचलला. म्हटलं, आवाज माझा आहे, माइकचं काय काम?

२० डिसेंबर, शनिवार

मशीन आलं. दिपालीने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला — बाहेर ओट्यावर, नशीब! संस्कृतीने आधी सगळ्या वायरी लावल्या, मग मला खुर्चीत बसवलं. एका स्क्रीनवर मैदान, दुसऱ्यावर लोकांचे मेसेज. गेम चालू, प्रक्षेपण चालू, आणि कुठे अडकणं नाही, तापणं नाही. गोरक्षनाथला पन्नास करून दिले. सुख म्हणतात ते हेच असावं. मी बसून होतो!

२१ डिसेंबर, रविवार

आज पाचव्या ओव्हरपासून गेम अडखळायला लागला. फिल्डर पावलापावलाला थांबायचे. आतले पंखे गिरणीसारखे घरघरत होते. मी वाल्मिकला फोन लावून नाही नाही ते बोललो. नंतर वाकून पाहिलं तर पेटीला कव्हर! जुन्या साडीचं, काठ लावलेलं, चारही बाजूंनी शिवून बसवलेलं. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, मग यालाच का नको? "धूळ बसेल म्हणून घातलं," दिपाली म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला की मला रागावता येईना. कव्हर काढलं. मशीनने श्वास घेतला. वाल्मिकला परत फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, सावेडीत निम्म्या मशीनला कव्हर असतंय."

२७ डिसेंबर, शनिवार

गेमला कुणी नाव ठेवत नाही. पण आवाज! रोज एकच मेसेज — "भाऊ, आवाज फाटतोय." "माइक बदला." "खरखर येतेय." रेकॉर्डिंग लावून मीही ऐकलं. फाटतोय खरा. हळू बोललो तर कळत नाही, पण षटकाराला वर चढलं की चिरकतो, मग मध्येच गायब होतो.

माझ्या मते खोलीचा दोष आहे. मैदानावर साउंडवाला इको देतो, वाक्य भोंग्यात दोनदा घुमतं. इथे बंद खोलीत आवाज अगदीच उघडा पडतो. संस्कृतीला म्हटलं, मशीनमध्ये इको आहे का बघ. तिने टाकला. संध्याकाळी मेसेज आला, "भाऊ, विहिरीत पडला काय?" काढून टाकला.

२ जानेवारी, शुक्रवार

मिरजगावच्या सहादेवरावांचा फोन. सोळा वर्षं त्यांची टुर्नामेंट मीच बोलतोय. माणूस शब्दाचा पक्का. पहिल्या वर्षी पावसाने फायनल झाली नाही, तरी मला ठरलेलं दिलं होतं.

"श्रीमंतराव, ट्रॉली तुमचीच हाय. पन पोस्टर छापायचंय. नाव टाकू का न्हाई, येवढं सांगा."

मी खुर्चीत होतो. समोर मशीन. पाय थंडगार फरशीवर. त्या ट्रॉलीवरचं ऊन आठवलं, आणि म्हटलं — नाही. यावर्षीपासून मैदान बंद, घरूनच बोलणार.

ते म्हणाले, "बरं. घरी बसून हुतंय म्हनल्यावर आमी कोन अडवनार? पोरास्नी लई चुकल्यासारखं व्हईल, येवढंच." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. हलकंही वाटलं. दोन्ही एकदम.

दिपालीला सांगितलं. ती म्हणाली, "विचारायचं तरी!" मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही घरी असलात तर बरंच आहे." पण नंतर भांडी जरा जोरात आपटली.

४ जानेवारी, रविवार

मिरजगावचं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलं. माझ्या जागी श्रीगोंद्याकडच्या एका पोराचं नाव. गॉगल लावलेला फोटो. पोस्टर चांगलं झालंय.

आज बघणारे कमी होते. एकाने लिहिलं, "गेम एक नंबर, पण कान दुखतात." निघून गेला.

७ जानेवारी, बुधवार

भारी माइक आणला. तोच, जो आधी नको म्हटलं होतं. वाल्मिकने एका शब्दानेही टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त लागलं. त्याने स्वतः येऊन जोडला, तोंडापासून किती लांब ठेवायचा ते दाखवलं. संध्याकाळी सामना लावला. पहिली ओव्हर बरी गेली. मग गोरक्षनाथने लाँग ऑनवरून उचलला, मी वर चढलो — आणि तीच खरखर! उलट आता जास्त स्पष्ट. एकेक चीर ऐकू येते. हा माइकपण सदोषच निघावा? आमचं नशीबच असं. सामना अर्ध्यात बंद केला. लोकांना सांगितलं, तांत्रिक अडचण आहे.

संस्कृती म्हणाली, "बाबा, काल अभ्यासाला मी ऑनलाईन बसले होते तेव्हा तर..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. लहान तोंडी मोठा घास नको म्हटलं. ती खोलीत निघून गेली. चुकलंच माझं. पण रोज तेच तेच ऐकून वैताग आलाय.

९ जानेवारी, शुक्रवार

अर्थिंग तपासून घेतली. वायरमन म्हणाला, उत्तम आहे. केबल बदलली. माइक मागच्या सॉकेटला लावून पाहिला, पुढच्या सॉकेटला लावून पाहिला. पंखा बंद करून, घामाघूम होऊन बोललो. आगीतून फुफाट्यात! मैदान सोडलं ते आराम मिळेल म्हणून, आणि इथे वायरींच्या मागे फिरतोय. तिकडची ट्रॉली गेली, इकडे रोज माणसं कमी होतायत. मशीन नीट झालं नाही तर मी बोलायचं कुठे? आणि बोलण्याशिवाय मला येतंय काय?

दिपालीने ज्येष्ठमधाची कांडी हातात दिली. चघळत बसलो. वाल्मिक रविवारी येतो म्हणालाय, लागलं तर सगळं उघडून बघू.

११ जानेवारी, रविवार

वाल्मिकने काहीच उघडलं नाही. म्हणाला, "दादा, आज दुसऱ्या कुनाला तरी बोलू द्या." दिपाली माइकसमोर बसली — "काय बोलू? चहा गाळलाय, निवेल." रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. स्वच्छ! मग संस्कृतीने माझाच षटकार म्हटला, माझ्यासारखाच जीव तोडून, वरच्या पट्टीत. त्यातही एक चीर नाही. वाल्मिकने हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. मशीनमध्ये कसलाच बिघाड नाही हे तिघांनाही कळलं होतं, आणि तिघांपैकी कुणीच माझ्याकडे बघेना.