डावं खोकं

६ फेब्रुवारी

आलं! दोन लांबलचक खोकी. आणणाऱ्या दोघांनी जिन्यात चार ठिकाणी टेकवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आत कुणाला तरी भरून आणलंय. स्पीकरचं किट आहे. माणसाच्या छातीएवढे उंच दोन टॉवर, अक्रोडाच्या भरीव लाकडाचे. फळ्या कापून आल्यात, बाकी सगळं आपण करायचं – चिकटवणं, घासणं, तारा, तेल. निवृत्तीला कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. हे मी मला दिलं.

जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. आजपासून ते कामाचं टेबल. ती दारात उभी राहून बघत होती. काही म्हणाली नाही. हल्ली ती काही म्हणतच नाही. पोरगी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि त्यातलीही एक मुकी. तीस वर्षं बायको बडबडी म्हणून कुरकुर केली, त्याची ही शिक्षा असावी.

ठरवलंय – टॉवर झाले की पहिली बैठक तिची. तिला गाण्याचं वेड. समोर बसवायचं, तिच्या आवडीचं लावायचं. मग बघू कशी बोलत नाही ते.

७ फेब्रुवारी

सगळ्या फळ्या मोजल्या. एक पाठीची फळी अर्ध्या मिलिमीटरने कमी. किटवाल्याला फोन केला. म्हणतो, "काका, एवढं चालतं." चालतं! मी तेहेतीस वर्षं तपासनीस होतो. दुसऱ्यांच्या मालातल्या चुका शोधायच्या, यासाठीच पगार मिळायचा. या 'चालतं'वर ट्रकच्या ट्रक परत पाठवलेत.

१५ फेब्रुवारी

चिकटवण्याचा दिवस. गोंद लावल्यापासून दहा मिनिटांत सगळ्या फळ्या काटकोनात बसवून क्लॅम्प आवळायचे. एकट्याचं काम नाही. तिला बोलावलं. डाव्या बाजूने धरायला लावलं. दोन्ही खोकी झाली, तासभर ती तशीच उभी. कर्ण मोजले – दोन्ही सारखे, केसाचाही फरक नाही. मान वर केली तर ती डोळे पुसत होती. लाकडाची धूळ. मास्क लाव म्हणून दोनदा सांगितलं होतं.

हात धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२१ फेब्रुवारी

घासकाम. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. धूळ कपाटातल्या ताटल्यांपर्यंत गेली. ती रोज पुसते, मी रोज घासतो. संध्याकाळी बातम्या लावल्या की रिमोट घेऊन आवाज कमी करते. मी वाढवतो. एवढाच काय तो आमचा संवाद.

२ मार्च

घासणं संपलं. बोटं सोलली. लाकूड गालाला लावून बघितलं.

९ मार्च

आतली पट्टी जोडली. ही पट्टी जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरकडे पाठवते आणि बारीक आवाज वरच्या छोट्याकडे, ट्वीटरकडे. सोल्डरिंगला हात अजून स्थिर आहे.

खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात आडवे आले. "आठवडाभर हाक मारतोय, तुम्ही आपले सरळ निघून जाता. निवृत्त झालात की मंत्री झालात?" मी कसला शिष्ट! तेच मिशीतल्या मिशीत बोलतात.

१६ मार्च

तेलाचा तिसरा हात. अक्रोडाच्या रेषा अशा उठून आल्या की पाहत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा असा माल समोर आला ज्यात मला खोट काढता येत नाही. आणि तो मीच केलाय. तिला हाक मारली. आली, बघितलं, "छान" म्हणाली आणि दुपारी एकटीच कुठेतरी बाहेर गेली. कुठे ते विचारलं नाही. रागावलेल्या माणसाला विचारायचं नसतं.

२२ मार्च

वाजले.

तिला बसवण्याआधी मी तपासून घ्यावं म्हणून एकटाच बसलो. उजवा – काय सांगू! गाणारीने श्वास घेतलेलाही कळतो. पण डावा मेलेला. जाडजूड घुं घुं तेवढी येते, वरचं सगळं रजईखाली. दीड महिन्याची मेहनत पाण्यात. जेवलो नाही.

२३ मार्च

डावा उघडला. ट्वीटरवर कापडाचा छोटासा घुमट असतो, बोटानेही चेपतो. डाव्याच्या घुमटावर बारीकसा खळगा दिसला. सापडलं! रोज फडकं कोण फिरवतं?

तिला बोलावून दाखवलं. "मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग भुताने लावला?"

ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ काही सांगत होती. सबबी. मी म्हटलं, पुरे. नवा मागवतो.

२९ मार्च

नवा ट्वीटर बसवला. तेच! तस्संच बद्द! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "तुला या घरात माझी एक वस्तू धड राहू द्यायची नाही." आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही.

ती पुढ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्हाला ते खोकंच दिसतं. दुसरं काही दिसत नाही, ऐकू येत नाही." हे मात्र स्वच्छ बोलली.

३० मार्च

बाजारातून आलो तर टेबलावर चिठ्ठी. 'बहिणीकडे जाते. भाजी करून ठेवली आहे, आजच संपवा.' मोठी बॅग नेलीय.

४ एप्रिल

फोन करणार नाही. गेली तिने करावा.

पोरीचा फोन आला होता. "बाबा, आईशी बोललात का?" म्हटलं, तुझ्या आईला विचार काय बिघडवून गेलीय ते. ती काहीतरी बोलायला लागली, मध्येच गप्प झाली. "तुमचं तुम्हीच बोला," म्हणाली आणि ठेवला.

६ एप्रिल

रविवार. पट्टीचा एकेक जोड मीटरने तपासला. सगळं बरोबर. मग आमच्या धंद्यातली जुनी रीत – अदलाबदल. दोष मालात असेल तर मालाबरोबर सरकतो. डावा टॉवर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. तीस-तीस किलोचं धूड, एकट्याने. कंबर धरली.

आता उजवीकडे ठेवलेला जुना डावा झक्क वाजतोय. आणि डावीकडे नेलेला चांगला टॉवर बद्द.

तारा बदलल्या. तरी डावाच. भिंत असेल. पडदा काढला, खुर्ची सरकवली. तरी डावाच.

७ एप्रिल

सकाळी टॉवरच्या मागे गुडघ्यावर बसून तारा बघत होतो. गाणं चालू. तोंड खुर्चीकडे, म्हणजे रोजच्या उलट. कालपर्यंत बद्द असलेला टॉवर अगदी खणखणीत वाजत होता आणि दुसरा मेला होता.

तिथेच बसून राहिलो. मग उजव्या कानात बोट घातलं.

गाणं गेलं. रस्ता गेला. पंख्याची घरघर गेली. नुसतं भिंतीपलीकडे कुणीतरी पेटी सरकवल्यासारखं काहीतरी.

८ एप्रिल

जुना ट्वीटर परत बसवला. उत्तम वाजतो. खळगा कारखान्यातूनच आला असणार.

१० एप्रिल

कानाचा डॉक्टर पोरगेलासा, पण नीट समोर बसून बोलला. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाला. डाव्या कानाच्या वेळी मी पाच मिनिटं तसाच बसून होतो, वाटलं, अजून सुरूच केलं नाही.

"कारखान्यात होतात? यंत्राकडे कुठली बाजू असायची?" डावी. सगळी वर्षं डावीच.

"हे आजचं नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, घरातले कमी बोलतात.

"ऐकू आलं नाही तर तुम्ही काय करता?"

काय करतो! मान हलवतो. 'बरं, बघू' म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो. एवढं म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही. आजवर मला कुणी पकडलं नव्हतं.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. ती टेबलावर कुठे बसते? डावीकडे. पलंगावर? डावीकडे. चालताना? रस्त्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे डावीकडेच. ती मुकी झाली नव्हती. मी तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने सही केली आणि इथे अख्खा माणूस नापास करून परत पाठवला. लाज वाटते. रडलोही.

११ एप्रिल

आज मात्र हलकं वाटतंय. खरंच! दोष कळला की उपाय असतो. यंत्र मिळतं कानात घालायचं, माप दिलंय. तोवर तिला उजवीकडे बसवायचं, एवढी साधी गोष्ट. इतक्या दिवसांची तिची नाराजी, माझे टोमणे, सगळ्याचं एक कारण, आणि ते कागदावर छापून मिळालंय. तो कागदच दाखवतो तिला. हसेल. म्हणेल, "तरीच म्हटलं!"

घर आवरलं. जेवणाचं टेबल पुन्हा मध्ये आणलं. उद्या सकाळच्या बसने मेहुणीकडे. माफी चारचौघांत मागायला लागली तरी मागायची.

१२ एप्रिल

मेहुणीने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. कागद माझ्या हातात होता. मी उजवा कान पुढे केला.

"ताई इस्पितळात आहे, भावोजी. मंगळवारी ऑपरेशन झालं. छातीतली गाठ. काखेत पसरलीय म्हणतात. तुम्हाला तीनदा सांगितलं ना तिने? तुमच्या त्या टेबलाशी उभं राहून? तुम्ही म्हणालात, बरं, बघू."

मी हो म्हटलं. कानाचं सांगितलं नाही.