विरोधात गेलेल्या रिपोर्टचे पैसे

१४ नोव्हेंबर २०२२
कोविड लसीच्या भरपाईचा क्लेम सरकारने फेटाळला! इतके महिने वाट पाहिली आणि उत्तर काय — हेमचंद्रच्या हार्टचा आजार लसीमुळे झाला असं मानता येत नाही. दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात धडधाकट नवरा जिन्यावर मटकन बसला, ते काय नाटक होतं? आणि हा शांतपणे म्हणतो, ‘‘जाऊ दे ना, नीला.’’ जाऊ दे! त्यानेच डोकं जास्त फिरतं.

१७ नोव्हेंबर
अजितचं बिल आलं. आपला वकील, आपल्याच मराठी मंडळातला! आमच्याकडे जेवताना म्हणाला होता, ‘‘ताई, हरलो तर फी नाही. नो वरीज!’’ आता म्हणे, माझी फी नाहीच, पण क्लेमसाठी मागवलेल्या स्पेशालिस्टच्या रिपोर्टचे पैसे भरावे लागतील. साडेचार हजार डॉलर! रिपोर्ट कुणाचा? ज्याच्यामुळे हरलो, त्याचा! म्हणजे आम्हाला पाडायचे पैसेही आम्हीच द्यायचे.

१८ नोव्हेंबर
हेमचंद्रशी बोलले नाही. निहारिका विचारते, ‘‘मम, आर यू गाइज फायटिंग?’’ बारा वर्षांची आहे, सगळं कळतं.

२१ नोव्हेंबर
वेंटवर्थव्हिलला अजितच्या ऑफिसात गेले. रिसेप्शनवरची मुलगी ‘अपॉइंटमेंट?’ म्हणेपर्यंत मी त्याच्या केबिनमध्ये. तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हणाले. आजारी माणसाला लुबाडतोस म्हणाले. मी दम खायला थांबले तेव्हा तो म्हणाला, ‘‘पैशांचं नंतर बघू, ताई. निहारिकाची टेस्ट केलीत ना?’’

कसली टेस्ट?

त्याचा चेहराच उतरला. ‘‘हा आजार आनुवंशिक असतो, लसीच्या आधीपासूनच होता, असं स्पेशालिस्टने लिहिलंय. मुलीला लगेच तपासा, असंही. मी हेमदादांना जुलैतच फोन केला होता!’’

जुलैत!

घरी येऊन हेमचंद्रला विचारलं. आधी म्हणाला, विसरलो. मग — ‘‘मला वाटलं, लसीचंच ठरेल. लसीचं ठरलं असतं तर तिला काही नसतं ना...’’

हातातली भाजीची पिशवी भिंतीवर फेकली. चार महिने! चार महिने ती नेटबॉल खेळत होती, आणि हा बाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

२ डिसेंबर
निहारिकाच्या हार्टचा इको झाला. तिलाही आहे. डॉक्टर म्हणाल्या, लवकर कळलं, गोळ्यांनी आटोक्यात राहील. हेमचंद्र तिथेच रडायला लागला. मी त्याचा हात धरला नाही.