त्र्याऐंशीची हवा

प्रिय मिस्त्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, तरी मला नवल वाटलं नसतं. चोवीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझं लग्न झालं तेव्हा नाही, तुझी आई गेली तेव्हाही नाही. आता एकदम एवढी पानं पाहून तुला वाटेल, बाईंना उतारवयात उमाळा आला. तसं काही नाही. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे. मागायचा हक्क नाही हे ठाऊक असून मागते.

आधी इकडची खबर. मी अजून त्याच शाळेत, त्याच प्रयोगशाळेत. मुलं येतात, परीक्षानळ्या फोडतात, जातात. घरी मी आणि धाकटा. तू माझ्या भावाला 'राजे' म्हणायचास, ते त्याला फार आवडायचं. आता राजांचं राज्य म्हणजे खिडकीजवळचा पलंग आणि चाकांची खुर्ची. कमरेखालचं काही उरलं नाही. सकाळी त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पाय चोळायचे, जे पाय त्याला कळतसुद्धा नाहीत. हे सगळं परवापरवापर्यंत मी करत होते. आता त्यासाठी एक परिचारक येतो. धाकटा मला हात लावू देत नाही. का, ते पुढे येईल.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू मला मैदानावर नेलंस तेव्हा मी किती हसले होते? लोक हवापालट करायला जातात आणि हे दोघे वेडे हवा मोजायला बाई घेऊन चाललेत! ते आटलेलं तळं, क्षितिजापर्यंत पांढरं मीठ, बुटाखाली करकरणारं. मध्यभागी काळी रेघ ओढलेली आणि त्या रेघेवर आपली ती लांबोडकी, बसकी गाडी. परसातल्या शेडमध्ये वेगाच्या विक्रमासाठी तुम्ही दोघांनी पाच वर्षं खपून केलेली. मी विचारलं होतं, गाडी पळवायला हवा कशाला मोजायची? तू हात पुसत म्हणाला होतास, "बाई, इंजिनाला जाड हवा लागते आणि गाडीला पातळ. नवराबायकोसारखं आहे. दोघांना एकाच दिवशी सुख मिळत नाही." मग मिठावर बसून तू मला सगळं समजावलंस. वेग वाढला की गाडीला समोरची हवा भिंतीसारखी लागते. ऊन तापलं की हवा विरळ होते, भिंत मऊ पडते, गाडी सुटते. पण तीच विरळ हवा इंजिन श्वासात घेतं, आणि श्वास अपुरा पडला की जोर कमी. पहाटेच्या गार हवेत इंजिन खूश, पण भिंत जाड, शिवाय मीठ ओलं, चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणजे सगळा खेळ नेमकी वेळ साधण्याचा.

आणि ते जेट! घशाच्या गोळ्यांच्या डबीत लोकरीच्या तुकड्यात गुंडाळलेले, करंगळीच्या नखाएवढे पितळी तुकडे, प्रत्येकाला केसाएवढं कमीजास्त भोक. जेवढी हवा आत जाईल तेवढंच इंधन त्या भोकातून जायला हवं. हवा जाड आणि भोक बारीक राहिलं, तर इंधन कमी पडतं, इंजिन आतून भट्टीसारखं तापतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून माझी वही. पारा, दाब, ओलावा कळावा म्हणून ओल्या फडक्याचा पारा, सगळ्याची आकडेमोड करून मी एकच आकडा सांगायचा. समुद्रकाठची गार हवा शंभर धरली, तर आपल्या मैदानावरची किती. तू त्या आकड्यावर डोळे मिटून जेट निवडायचास. एकदाही पुन्हा विचारलं नाहीस. मला 'हवावाली' म्हणायला लागलास, आणि तिसऱ्या हंगामात, ताडपत्रीच्या सावलीत, स्पॅनर शोधता शोधता, माझ्याकडे न बघता म्हणालास, "या वर्षी विक्रम झाला की लग्न उरकून टाकू. नाही झाला तरी उरकून टाकू." मी हो म्हटलं नव्हतं. तुला दुसरा स्पॅनर काढून दिला होता. तू काय समजायचं ते समजलास.

त्या दिवसाबद्दल सगळ्या जगाला जे ठाऊक आहे, ते असं. सकाळी अकरा वाजता धाकट्याने पहिली फेरी मारली. पारा एक्केचाळीस, माझा आकडा ऐंशी. गाडी अशी गेली की वेळ मोजणारा माणूस घड्याळ झटकून पाहायला लागला. विक्रमासाठी तासाभरात उलट दिशेने दुसरी फेरी हवी, दोन्हींची सरासरी धरतात. आपण बाराव्या मैलावर गाडी वळवली. टायर तपासले, इंजिन गार करायला बर्फ लावला, इंधन भरलं. दुसरी फेरी सुरू झाली. सातव्या मैलाला इंजिन जाम झालं, मागची चाकं अडकली, गाडी आडवी झाली आणि कोलांट्या खात गेली. पिस्टन वितळला होता. जेट होते ऐंशीच्या हवेचे, आणि दुसऱ्या फेरीची हवा होती त्र्याऐंशी. तो आकडा माझ्या वहीत वेळेसकट लिहिलेला होता. तीन आठवड्यांनी विक्रम नोंदवणाऱ्या संघटनेच्या कचेरीत चौकशी झाली. हिरव्या कापडाच्या टेबलामागे तिघे बसले होते. त्यांनी वही उघडून मला विचारलं, हा आकडा तुम्ही मेकॅनिकला सांगितलात का?

मी म्हणाले, सांगितला.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू त्यांना म्हणालास, "बरोबर आहे. सांगितला होता. घाईत माझ्याच ध्यानातून गेला." त्यांनी तुला मैदानावर जन्माची बंदी घातली. तू खाली जिन्यापाशी थांबला होतास, मला माहीत होतं. मी मागच्या जिन्याने उतरले. दुसऱ्या दिवशीही तू घरी आलास, मी दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा तू आला नाहीस.

तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुला वाटलं असणार, हवावाली गडबडली, नवा आकडा वहीत लिहिला आणि तोंडून जुनाच गेला. घाबरली बिचारी. गडबडलेल्या बाईला तू पाठीशी घातलंस. मिस्त्री, मी गडबडले नव्हते.

बाराव्या मैलावर मी हवा मोजायचं यंत्र फिरवलं तेव्हा डोंगराकडून वारा सुटला होता. पारा एकोणतीसवर आलेला. मी दोनदा मोजलं, आकडा तोच. तू गाडीखाली होतास, तुझे फक्त बूट दिसत होते. मी तुझ्याकडे यायला निघाले तर धाकट्याने हेल्मेट काखेत धरून मला वाटेत गाठलं. माझ्या तोंडावरूनच त्याला कळलं. त्याने वही पाहिली, घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं उरली होती. तापलेल्या इंजिनावरचं झाकण काढून जेट बदलायला तुला अर्धा तास लागायचा. रात्री पाऊस येणार असं सगळे सांगत होते, मैदानावर पाणी भरलं की हंगाम संपला. तो म्हणाला, "ताई, तीनच तर आहेत. इंजिन एवढं सोसतं. पण त्याला कळलं तर तो गाडी सोडणार नाही. तुला माहितीये तो कसा आहे." मी म्हटलं, जळेल रे. तो म्हणाला, "ताई, एवढ्या एका वेळेला." आई गेल्यापासून मी त्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तू गाडीखालून ओरडलास, "हवावाली, किती?" आणि मी म्हणाले, "ऐंशीच." तू बरं म्हणालास आणि शेवटचा बोल्ट आवळलास.

वहीत मात्र माझा हात खोटं लिहीना. शाळेतली सवय. त्याच खऱ्या आकड्याने पुढे तुझा घात केला. त्या आकड्यामुळे मी चोख ठरले आणि तू निष्काळजी. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर धाकट्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच, "मिस्त्रीला कळलं का?" नाही म्हटल्यावर त्याने डोळे मिटले. त्यानंतर आम्हा भावंडांची अळीमिळी गुपचिळी. चोवीस वर्षं एका छपराखाली राहून आम्ही यावर एक शब्द काढला नाही. लोक त्याला भेटायला येतात, दुसऱ्याच्या चुकीने उद्ध्वस्त झालेला शूर माणूस म्हणून. कोणी तुझं नाव काढून शिवी दिली की तो हात वर करून म्हणतो, जाऊ द्या, माणूस चुकतो. मी चहा आणायला आत जाते.

असंच चालून मी मरूनही गेले असते. पण दोन महिन्यांपूर्वी शाळेला सुट्टी असताना प्रयोगशाळेच्या दारात एक मुलगी उभी राहिली. स्क्रूड्रायव्हर खिशात पेनासारखा अडकवलेला. ती कोण, हे विचारावं लागलं नाही, कपाळ तुझंच. म्हणाली, "मावशी, मी गाडी बांधलीय. बाबा म्हणतात हवा वाचायला शिकायचं तर एकाच माणसाकडे जा." तुझ्या घरात माझ्याबद्दल चांगलं बोललं जातं, हे मला सोसवेना. मी तिला पारा कसा वाचायचा ते दाखवायला लागले. ती हुशार आहे, डोळा पाऱ्याच्या पातळीत आणायला सांगावं लागत नाही. मग यंत्र पुसता पुसता सहज म्हणाली, "बाबांनी एकदा आकडा कानाआड केला आणि एक माणूस जन्माचा पलंगावर गेला. ते मैदानावर येत नाहीत ते बंदीमुळे नाही, लाजेने. मला बाबांसारखं नाही व्हायचं, मावशी." मी तिच्या हातून यंत्र घेऊन पेटीत ठेवलं.

त्या संध्याकाळी मी धाकट्याला सांगितलं की मी संघटनेला खरं लिहून देणार. तो आधी हसला. मग चिडला. मग फार हळू म्हणाला, "ताई, लोक मला भेटायला येतात. ते कळल्यावर कशाला येतील?" मी जबाब त्याला वाचून दाखवला, त्याचं वाक्यही त्यात होतं, माझंही. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी सही केली आणि स्वतः कचेरीत नेऊन दिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. परिचारकाला सांगतो, "बाईंना सांगा, खिडकी लावून घ्या." मी खिडकी लावते. चूक त्याची जेवढी तेवढीच माझी, उलट माझी जास्त, कारण तू आकडा मला विचारला होतास, त्याला नाही.

कचेरीतून मला काल निकाल आला. तुझी बंदी उठली. गेली वीस वर्षं मी संघटनेसाठी मैदानावरची हवा मोजत होते, त्या निरीक्षकांच्या यादीतून माझं नाव काढलं, ते योग्यच झालं. मैदानावर आता मी यंत्र धरू शकत नाही, तेव्हा तुझ्या मुलीची हवा तुलाच वाचावी लागेल. माझी वही सोबत पाठवते आहे, तिच्यात वीस वर्षांचे उन्हाळे आहेत. संघटनेचं पत्र गुरुवारी तुझ्या घरी पोचेल, आणि ते तुझ्या मुलीच्या हाती आधी पडू नये म्हणून मी हे आज लिहिलं. कचेरीच्या भाषेत तिला कळू नये. मीही सांगणार नाही. माझ्या तोंडून कळलं तर ती माझ्यावर चिडण्यात गुंतेल आणि तुझ्याकडे पाहायचं राहून जाईल. तूच सांग. मला क्षमा करू नकोस, उत्तरही पाठवू नकोस, आणि मला वाचवायचं म्हणून या वेळी तरी काही पदरचं घालू नकोस. फक्त इतकं सांग की त्या दिवशी तिच्या बापाला ऐंशी हा आकडा मिळाला होता, आणि ऐंशीच्या हवेला त्याने लावलेले जेट अगदी बरोबर होते.

कधी काळी तुझीच,
हवावाली