पाच आवाजांत सहावा मी

प्लेनो, ६ सप्टेंबर २००४

ती. नीलांबरीमावशीस,

संग्रामचा टेक्ससहून वाकून नमस्कार. (खाली कार्पेट आहे, वाकायला काही वाटत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं बीपी?

हसू नकोस, पण मी गातोय. हो, तोच मी, ज्याला सहा वर्षं शिकवून तू शेवटी 'बाळा, तू इंजिनिअरच हो' म्हणालीस. झालं काय, इथे व्हिसा टिकवायला नऊ क्रेडिट लागतात. माझा एक क्रेडिटचा सेमिनार कॅन्सल झाला आणि मी आठावर लटकलो. जागा उरली होती फक्त युनिव्हर्सिटीच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात. हे गाणं सुटलं की व्हिसा गेला आणि मी थेट भारतात परत.

तिथे चारशे वर्षांपूर्वीचं एक मोटेट बसवतायत. लॅटिनमधलं देवाचं गाणं, पाच आवाजांचं, सोबत ना पेटी ना तंबोरा. एक आवाज ओळ सुरू करतो, ती संपायच्या आत दुसरा तीच ओळ उचलतो, मग तिसरा. (सोसायटीच्या आरतीत मागच्या रांगेतले काका मागून येतात ना, तसंच, फक्त इथे ठरवून.) मी विचारलं, मुख्य गायक कोण? कुणीच नाही म्हणे! मग साथ कुणाची करायची? पुढच्याला सोडायचं नाही, हे तुझंच शिकवणं. जो सुरू करेल त्याच्या मागे मी इमानदारीत गेलो, बायकांच्याही. बाकीचे चारही आवाज गाऊन झाले, माझा तेवढा राहिला. शेवटचा सूर सगळ्यांनी सरळ धरला, तो मला फारच उघडाबोडका वाटला, म्हणून एक छोटीशी हरकत घेतली. पंचवीस माना वळल्या. वर 'क्या बात है' मीच म्हणालो.

आमच्या डायरेक्टर, डॉ. हॉलोवे बाई, रागावल्या नाहीत. कुठे शिकलास, एवढंच विचारलं. मी ऐटीत तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून मी गप्प बसून नुसतं ऐकायचं, असा हुकूम आहे. मला ठेवायचं की काढायचं, ते या महिन्यात ठरेल.

तुझा,
संग्राम

ता. क. : बाई १९ तारखेला, रविवारी, तुझ्या संध्याकाळी (तोवर हे पत्र पोचेल), तुला फोन करून मी कसा गातो ते विचारणार आहेत. तू जन्मात खोटं बोलली नाहीस, ठाऊक आहे. एकदाच बोल गं.

ता. क. २ : पत्र बंद करता करता कळलं, लॅबचं एक क्रेडिट मंजूर झालंय. व्हिसाचं मिटलं, कॉयर सोडला तरी चालेल. पण काल गप्प बसलो होतो, आणि ते पाचही आवाज आपापल्या वाटेने येऊन एका सुरावर थांबले. रडूच आलं मला. मला तिथे उभं राहायचंय, मावशी. खोटं नको बोलूस. सहा वर्षांत एकदाही दांडी मारली नाही, एवढंच सांग. ते खरं आहे.