चालू स्थितीत

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे. हे निदान मीच केलं. बायको टाइप करता करता उठून इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवायला गेली. परत येते तो स्क्रीनवर सससससस. सव्वातीन पानं नुसता स. ती म्हणाली, बटण अडकलं असेल. मी बटण तपासलं. अडकलेलं नाही. बटण अडकलेलं नसताना अक्षर उमटतं, याला व्हायरस म्हणतात.
काळजीचं कारण नाही. अठ्ठावीस वर्षं कारखान्याचं स्टोअर्स सांभाळलं. माझ्या ताब्यातून एक वॉशर हरवला नाही. केस हातात घेतली.

२ फेब्रुवारी, दुपारी
नोंद असावी म्हणून लिहितो. फाइलचं नाव 'दादा'. दादा म्हणजे सासरे. सत्तावन्न वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दीड वर्ष बायको दर बुधवारी आणि शनिवारी त्यांच्याकडे जाते. ते बोलतात, ती वहीत उतरवते, घरी येऊन टाइप करते. एकशे बेचाळीस पानं झाली. हल्ली दादा विसरायला लागलेत. परवा त्यांनी तिलाच तिचं नाव विचारलं. म्हणून तिची घाई. त्यांना वाचून समजतंय तोवर पुस्तक हातात द्यायचं आहे. अठरा तारखेला छापायला जायचं.
टाइप झालेल्या वह्या मी वेळच्या वेळी रद्दीत देतो. एका मालाचे दोन साठे ठेवले की घोळ होतो. कारखान्यातही माझा हाच नियम होता.

३ फेब्रुवारी
मुलीला फोन. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचंच काम करते. म्हणाली, बाबा, प्लीज कशालाही हात लावू नका, पंधराला रविवारी येते तेव्हा मी बघते. बरं म्हटलं. पोरीला वाटतं बापाला काही कळत नाही. ठराव: ती यायच्या आत प्रश्न निकालात काढायचा.
अँटिव्हायरस टाकला. चार तास चालला. एकही व्हायरस सापडला नाही म्हणतो. म्हणजे चांगलाच मुरलेला आहे.

४ फेब्रुवारी
मशीनची बाहेरून तपासणी. मागे एका भोकात नखाएवढा काळा तुकडा खोचलेला दिसला. कंपनीचाच असणार. पुसून तिथेच ठेवला.

५ फेब्रुवारी
परत. आज जजजजज. एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. दोन्ही वेळा घरात नुकतीच इस्त्री झाली होती. इस्त्रीने व्होल्टेज उतरतं, व्होल्टेज उतरलं की व्हायरसचं फावतं. साधी गोष्ट आहे, पण सुचावी लागते. इस्त्री माळ्यावर टाकली. बायको म्हणाली, मग काय चुरगळलेलं घालून फिरायचं का. मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढ. धुतलेले कपडे तूर्त खुर्चीवर.

९ फेब्रुवारी
चार दिवस व्हायरस नाही. मुलीला फोन करून इस्त्रीचं सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. थक्क झाली असावी. बायकोची एकशे एकोणपन्नास पानं झाली.
आज माझा शर्ट बघून शेजारच्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

११ फेब्रुवारी, सकाळी
खुर्चीवरचा ढीग बघवेना. वस्तू जागच्या जागी हवी. सगळे कपडे आणि वर दोन रजया, एकट्याने कपाटात कोंबल्या. दार गुडघ्याने लावलं.

११ फेब्रुवारी, दुपारी
व्हायरस परतला. ससससस. थांबवला की पाच मिनिटांनी पुन्हा. इस्त्री तर माळ्यावर आहे. काही सुचत नाही.
बायको दादांकडून आली. वही कोरीच. आज त्यांनी काहीच सांगितलं नाही. काही विचारलं की म्हणाले, नंतर या, दुकान बंद आहे. ती स्क्रीनवरचे स बघत बसली. मग म्हणाली, काहीही करा, पण आहे तेवढं राहिलं पाहिजे, आता नवीन काही मिळायचं नाही. तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला आतून फार वाईट वाटलं. काहीही करायचं ठरवलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. १०.१५
निर्णय. मशीन मुळापासून साफ करायचं. बायको म्हणाली, परवा मुलगी येतेच आहे, थांबा की. मी म्हटलं, परवापर्यंत व्हायरस सगळं कुरतडून टाकेल.
आधी बॅकअप. मी काही अडाणी नाही. पेनड्राइव्ह लावला, स्क्रीनवरचं 'दादा' उचलून त्यात टाकलं. एकशे एकोणपन्नास पानं पापणी लवायच्या आत गेली. स्क्रीनवर 'दादा'च्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे, तोसुद्धा तिकडे गेला. म्हणजे काही सुटलं नाही. पेनड्राइव्हला लेबल लावलं: 'दादा. पूर्ण प्रत. तपासली.' बायकोने तो हातात घेऊन विचारलं, नक्की ना. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं.

११.००
मशीन विचारतं, तुमच्या फाइल्स ठेवू की सगळं काढू. सगळं. मग विचारतं, नुसतं काढू की कोणालाही परत मिळणार नाही असं पुसून काढू. पुसून. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.
पुसायला वेळ लागतो आहे. रिकामा बसलो नाही. वाळलेली चादर घडी करून कपाटात दाबली.

४.३०
झालं. मशीन कोरं करकरीत. नवीन पान उघडलं.
एमएमएमएमएम. इंग्रजीत.
मराठी टायपिंग मीच पुसून टाकलं होतं, म्हणून स च्याच बटणावर एम. व्हायरस आता इंग्रजीतून बोलतो आहे. खुर्चीत बसून राहिलो.

५.१०
बायकोला थंडी वाजत होती. रजई घ्यायला कपाट उघडलं. रजया काढल्या आणि एम थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. रजया परत ठेवून वरून दाबल्या. एम सुरू. काढल्या. बंद. मग तिने तळातून एक पुडकं ओढलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कीबोर्ड. मुलीने दिलेला, बिनवायरचा. मला वायरचाच बरा वाटतो, म्हणून गेल्या महिन्यात आवराआवर करताना मीच जपून ठेवला. वर माझ्या अक्षरात लेबल: 'कीबोर्ड. बिनवायरचा. सेलसकट. चालू स्थितीत.' सेल वेगळे ठेवले की हरवतात. मशीनमागे खोचलेला काळा तुकडा त्याचाच.
म्हणजे व्हायरस नव्हताच. बायको हसायला लागली ती थांबेचना. खूप दिवसांनी हसली. मीही हसलो. पेनड्राइव्ह आहेच. उद्या फाइल परत टाकतो, हाय काय नि नाय काय.

१४ फेब्रुवारी
'दादा' उघडत नाही. मशीन म्हणतं, फाइल सापडत नाही. पुन्हा दाबलं. पेनड्राइव्ह काढून पुसून लावला. उलटा लावून बघितला. बायकोला म्हटलं, नवीन मशीन आहे, जरा रुळू दे. ती दादांकडे गेली.
एकूण एकतीस वेळा दाबलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
मुलगी आली. बूटही न काढता बघायला बसली. तो बाण असला की ती फाइल नसते म्हणे. फाइल कुठे ठेवली आहे त्याचा नुसता पत्ता असतो. म्हणजे मी घर पाडलं आणि पत्ता जपून ठेवला. हे मी म्हणतो आहे, ती असं काही म्हणाली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
पूर्वी बायकोने तिला ईमेलने पाठवलेली पहिली नऊ पानं तिच्याकडे आहेत. त्यात दादा सात वर्षांचे आहेत.

१६ फेब्रुवारी
मशीन दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने विचारलं, पुसताना कोणता पर्याय निवडला. सांगितला. त्याने मशीन काउंटरवरून हळूच माझ्याकडे सरकवलं.
रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. वह्या कधीच्याच गेल्या.
बायकोने माळ्यावरून इस्त्री काढली आणि माझे सगळे शर्ट इस्त्री केले. मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा म्हणाली, बाही सरळ धरा.

१८ फेब्रुवारी, बुधवार
आज छापायला जायचं होतं. त्याऐवजी दादांकडे गेलो. बायकोने नवी वही घेतली, आणि लिहायचं मी असं सांगितलं. मी दाराशी उभा राहिलो.
दादांनी मला ओळखलं नाही. विचारलं, घड्याळ आणलंय का. नाही म्हटलं. बायकोने त्यांना आपल्या आईचं विचारलं, दुकानाचं विचारलं. काही नाही. निघायची वेळ झाली तेव्हा माझ्याकडे बघत आपणहून बोलायला लागले. म्हणाले, सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे घड्याळ घरी स्वतः उघडणारं. सगळे भाग रुमालात बांधून आणतं. एक चाक हमखास नसतं. आणि म्हणतं, मी काहीच केलं नाही.
बायकोने विचारलं, मग तुम्ही त्याला काय म्हणायचात. दादा म्हणाले, काय म्हणणार. बिचारा आधीच घाबरलेला असतो. म्हणायचो, बसा.
आणि त्यांनी मला समोरची खुर्ची दाखवली. मी बसलो.
एवढंच. पाऊण पान झालं. घरी येताना बायकोने ते वाचलं आणि दोन शब्द दुरुस्त केले. वही ठेवायला मी हात पुढे केला. तिने ती आपल्या पिशवीत ठेवली.